मनगटावरचा रफार

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला टॅटूवरचा लेख वाचला. सुया, कावीळ, टॅटूनंतर वर्षभर रक्तदान बंद, सैन्यभरतीतली अडचण, सगळे आले. शुद्धलेखनाचे मात्र नाव नाही. हसू नका.

गेल्या महिन्यात दोन मैत्रिणींना सोबत म्हणून मी अशा एका दुकानात गेले होते. (‘स्टुडिओ’ म्हणायचे असते, असे तिथे मला सांगण्यात आले.) आम्ही तिघीही साठीपुढच्या. एकीला घोट्यावर फुलपाखरू हवे होते. तो तिचा प्रश्न. दुसरीची आई गेल्या वर्षी गेली. तिला मनगटावर ‘आईचा आशीर्वाद’ हवे होते. मला नेले ते हात धरायला आणि अक्षरे तपासायला. तीस वर्षे छापखान्यात मुद्रिते तपासली आहेत मी, लग्नपत्रिकांपासून गाइडांपर्यंत.

तिथे गेल्यावर नियम निघाला, सोबतच्यांनी बाहेर बसायचे. जिन्याजवळ प्लॅस्टिकचे स्टूल, पंखा नाही, आणि आतून यंत्राची घरघर. सव्वा तासाने बोलावले. मनगट लाल झालेले, वर पातळ प्लॅस्टिक गुंडाळलेले आणि त्याखाली अगदी सुबक वळणात: ‘आईचा आर्शीवाद’.

‘वा’वरचा रफार ‘शी’च्या डोक्यावर जाऊन बसला होता.

मुलगा सभ्य होता. म्हणाला, “काकू, सगळे असंच लिहितात.” मी ऐकेना, तेव्हा त्याने मोबाइल पुढे केला. कोणा साहेबांच्या वाढदिवसाची पानभर जाहिरात, ‘आपले आर्शीवाद असेच पाठीशी राहोत’. वर दैनिकाचे नाव होते. आपल्याच. यावर मी काय बोलणार?

मग तोडगा निघाला. चुकलेल्या रफारावर मोरपीस काढून देतो, म्हणाला, त्याचे पैसे वेगळे. म्हणजे उरले ‘आशीवाद’. ‘वा’वर नवा रफार द्यायचे त्याच्या लक्षातही आले नाही. मैत्रीण म्हणाली, “राहू दे गं, आईला तरी कुठं लिहिता येत होतं.” यावरही मी काही बोलले नाही, पण रात्री झोप आली नाही.

मला राग आहे तो वेगळ्याच गोष्टीचा. आधी दोन पानी इंग्रजी फॉर्मवर सह्या घेतल्या: ॲलर्जी आहे का, मधुमेह आहे का, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू आहेत का. उत्तम. पण जे कायमचे लिहायचे, ते कोणाला वाचून दाखवले नाही. सुई लावण्याआधी कातडीवर जांभळा छाप उमटवतात म्हणे आणि चुकला तर तो स्पिरिटने पुसता येतो. अहो, मुद्रितच की ते! आमच्याकडे पन्नास पत्रिकांची ऑर्डर असली, तरी यजमानाची सही झाल्याशिवाय यंत्रावर जात नसे. आणि इथे ते मुद्रित तपासायला आणलेली बाई दाराबाहेर स्टुलावर.

पूर्वीही चुका होत. माझ्या मावशीच्या हातावर जत्रेतल्या गोंदणाऱ्याने ‘सिता’ गोंदले होते, पहिली वेलांटी. जन्मभर तशीच मिरवली तिने. पण त्याने चौरस इंचाला ५०० रुपये घेतले नव्हते आणि स्वतःला आर्टिस्टही म्हणवले नव्हते.

जाहिरातीतला मजकूर जाहिरातदाराचा, हे आपले उत्तर मला पाठ आहे. पण मग रविवारचा लेख कोणाचा? त्याच्या शेवटच्या ओळीत टॅटू काढण्यापूर्वी ‘पुर्नविचार’ करण्याचा सल्ला दिला आहे.

एक निवृत्त मुद्रितशोधक, पुणे
(नाव छापू नये. मैत्रीण आपलेच दैनिक घेते.)