गच्चीवर लिहिलेला कागद

झिंगाबाई टाकळी, नागपूर
३ जानेवारी २०२६

प्रिय सुहास,

काल कपाट आवरताना तो कागद सापडला. गेल्या जानेवारीच्या अखेरीस तू आला होतास तेव्हाचा. गच्चीवर चटई टाकून अकरापर्यंत बसलो होतो आणि वर्षभरात विजेचं, एआयचं काय होणार ते लिहून दोघांनी खाली सह्या ठोकल्या होत्या. चहाचा डाग अजून आहे. रात्री एकेक ओळ ताडून पाहिली आणि तुला लिहिल्यावाचून राहवेना.

पहिली ओळ माझी: उन्हाळ्यात देशाची मागणी २७० गिगावॉटला जाणार. सरकारी अंदाजही तोच होता आणि २०२४ च्या मे अखेरीस २५० ची नोंद झाली होती, म्हणून मी छातीठोकपणे लिहिलं. पण मे महिन्यात अवकाळी बरसत राहिला, मान्सून २४ मेलाच केरळात उतरला आणि आकडा जूनमध्ये २४३ च्या आसपास थांबला. हिशेबात आभाळ धरलंच नव्हतं.

दुसरी तुझी. त्याच आठवड्यात डीपसीक या कमी खर्चात घडवलेल्या चिनी एआयमुळे चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाचं बाजारमूल्य एका दिवसात जवळपास ६०० अब्ज डॉलरने उतरलं होतं. तू म्हणालास, आता एआयला एवढी वीज लागणारच नाही. एप्रिलमध्ये आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेचा अहवाल आला: २०२४ मध्ये जगभरच्या डेटा सेंटरनी सुमारे ४१५ अब्ज युनिट वापरले, २०३० पर्यंत ते ९४५ अब्ज होतील असा अंदाज. एलईडी आल्यावर आमच्या बाबांनी जिन्यातला दिवा विझवायला सांगणं सोडून दिलं, ते आठवलं. स्वस्त पडलं की हात सैल होतो गड्या.

तिसऱ्या ओळीत मी सपशेल हरलो आणि त्याचा मला आनंदच आहे. सौर, पवन, जल, अणू मिळून देशाच्या स्थापित वीजक्षमतेचा निम्मा वाटा २०३० च्या आत होणार नाही, असं मी लिहिलं होतं. तो जून २०२५ अखेरच झाला. जुलैत बातमी आली तेव्हा मी दहावीच्या फळ्यावर मोठ्या अक्षरात '५० टक्के' लिहिलं. मागच्या बाकावरून एका मुलीनं विचारलं, "सर, मग कोराडीच्या वीजकेंद्राचा धूर का नाही कमी झाला?"

मी तिला क्षमता आणि प्रत्यक्ष तयार होणारी वीज यांतला फरक सांगितला. देशात बनणाऱ्या विजेत आजही सत्तर टक्क्यांच्या आसपास कोळशाचीच आहे, हेही सांगितलं. पण ते सगळं पुस्तकी वाटलं. खरं उत्तर मला आमच्या गच्चीवरच मिळालं.

सूर्यघर योजनेतून ३ किलोवॉटचं सोलर बसवलं, ७८ हजारांचं अनुदान मिळालं, हे तुला माहीत आहे. कागदावर मी लिहिलं होतं की मे महिन्यात सगळ्यात जास्त वीज बनेल. नागपूरचं ऊन म्हटल्यावर कोणालाही तेच वाटेल. मी रोज संध्याकाळी इन्व्हर्टरवरचा आकडा वहीत उतरवत होतो. मार्चमध्ये दिवसाला तेरा युनिट, आणि मे महिन्यात ढग नसलेल्या लख्ख दिवशीही अकरा! एका दुपारी एक वाजता पॅनेलच्या चौकटीला हात लावला, तर तापल्या तव्यासारखा चटका बसला. पॅनेल २५ अंशांच्या वर जितकं तापतं, तितकी दर अंशाला साधारण ०.३५ टक्के वीज घटते. ६५ अंशांवर गेलं की चौदा टक्के गेलेच. वर काचेवर बोटाला लागणारी करडी धूळ. आता आठवड्यातून एकदा सूर्य उगवायच्या आत धुतो. तापल्या काचेवर गार पाणी टाकायचं नसतं.

आणि संध्याकाळी सात वाजता, सुहास, इन्व्हर्टरवर शून्य येतं. नेमके तेव्हाच गल्लीतले कूलर एकामागोमाग सुरू होतात, पंपांची घरघर ऐकू येते, आणि उत्तरेला कोराडीच्या चिमण्यांवरचे लाल दिवे लागतात. दुपारी मी दिलेले युनिट मीटरवर जमा असतात, पण त्या घटकेला माझा कूलर फिरवतात ते तिथले ६६० मेगावॉटचे संच. त्या मुलीला हेच सांगायला हवं होतं. आपण दोघांनी त्या पानावर वर्षाचे, महिन्याचे, क्षमतेचे आकडे लिहिले. संध्याकाळी सातचा एकही लिहिला नाही.

म्हणून यंदाच्या पानावर माझी पहिली ओळ अशी: डिसेंबरपर्यंत आमच्या गल्लीत एक तरी घर संध्याकाळी सात ते रात्री अकरापर्यंत बॅटरीवर चालेल. ते माझं असावं अशी फार इच्छा आहे. भाव काढतोय, रविवारी एक जण गच्ची बघायला येतोय.

खालची जागा तुझ्यासाठी कोरी ठेवली आहे. मृग बहाराची संत्री निघाली की ये आणि स्वतःच्या हातानं लिही. वहिनींना नमस्कार. आई सांबारवडीची आठवण काढत होती, तुला आवडते म्हणून.

तुझा,
अविनाश