काजळीचं कडं दाखवणाऱ्या आर्मरर (बंदूक-दुरुस्ती करणाऱ्या) काकांना

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

चांगल्या पिस्तुलाची नळी बदलायला निघालेल्यांना तुम्ही वेळेवर थांबवलंत, त्याबद्दल आम्हा म्हापशाच्या नेमबाजांकडून मनापासून आभार. स्वस्त .22 काडतुसांवर सराव करणारे गोव्यात बरेच आहेत. त्यांच्याही कामी यावं म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय.

ग्रुप (लक्ष्यावर गोळ्यांच्या भोकांचा पुंजका) फाकला, स्लाइड केसभर उघडी राहू लागली, फायरिंग पिन पडूनही काडतूस फुटेना, की नळी झिजली असं वाटतं. तुम्ही टॉर्च लावून चेंबरचं, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेचं, पुढचं टोक दाखवलंत. आपल्या पिस्तुलातल्या .22 ‘लाँग रायफल’ नावाच्या काडतुसाची पुंगळी सुमारे 15.6 मिमी लांब असते. ती जिथे संपते तिथेच दारूची काजळी, मेण आणि प्रायमरमधली (ठिणगी पाडणाऱ्या मसाल्यातली) काचेची पूड मिळून कडक कडं धरतं. स्वस्त दारू नीट जळत नाही, म्हणून ते लवकर जाड होतं. मग काडतूस रिमपर्यंत, म्हणजे बुडाच्या कडेपर्यंत, बसत नाही. पिनचा बराच जोर ते पुढे ढकलण्यातच जातो आणि रिम हवी तशी चेपली जात नाही. तेच काडतूस दुसऱ्या फटक्याला फुटलं तर दोष बहुधा कड्याचा, ही खूण फार मोलाची. (पहिल्यांदा फुटलं नाही तर नळी लक्ष्याकडेच ठेवून 30 सेकंद थांबायचं, हेही तुम्हीच अंगवळणी पाडलंत.)

कडं काढायची तुमची रीत अशी. मॅगझिन बाहेर, चेंबर रिकामं असल्याची नजरेने आणि बोटाने खात्री. नळी कोमट असतानाच कार्बन सॉल्व्हंटने भिजवलेली चिंधी चेंबरमध्ये 15 मिनिटं. मग जुना, थोडा झिजलेला ब्राँझ ब्रश हाताने आठ-दहा वेळा फिरवायचा, तोही चेंबरपुरता. नळीतल्या पुढच्या, गोळीला फिरवणाऱ्या खाचांत घुसवायचा नाही. कोरडी चिंधी, परत टॉर्च. हट्टी कडं दोन-तीन खेपा घेतं. ड्रिल आणि पॉलिशची पेस्ट कधीच नाही.

शिशाचं प्रकरण वेगळं. .22 ची गोळी बहुधा उघड्या शिशाची, वर फक्त वंगणाचा थर. तो पातळ किंवा ओबडधोबड असला की वाटेतच संपतो आणि पुढच्या भागात खाचांच्या कोपऱ्यांत करड्या, चकचकीत रेघा उठतात. त्यावर ब्रशला गुंडाळलेल्या शुद्ध तांब्याच्या तारा. चुंबकाला चिकटल्या तर त्या मुलामा दिलेल्या पोलादाच्या, त्या नळीला लावायच्या नाहीत. व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचा घरगुती उपाय तर तुम्ही साफ बंद करवलात: त्यातून विरघळणारं, विषारी शिशाचं क्षार तयार होतं. साफसफाईनंतर हात थंड पाण्याने आणि साबणाने धुतल्याशिवाय कुणी चहाला हात लावत नाही, तेही तुमच्यामुळे.

जमेल तिथे नळी साफ करायची दोरी चेंबरकडून ओढायची. साफसफाईचा दांडा तोंडाकडूनच घालावा लागला तर गाइड (दांडा मधोमध धरणारी नळकांडी) हवा, कारण नळीच्या तोंडाची कड घासली गेली की नेम कायमचा गेला. आणि उगाच चकचकीत करत बसायचं नाही. स्वच्छ नळीला वंगणाचा नवा थर बसायला 15-20 फैरी लागतात. काडतुसाचा ब्रँड बदलला तरी तेच. म्हणून तुमचा नियम: स्वस्त गोळीवर दर 300 फैरींना चेंबर, नळीला हात ग्रुप बिघडला तरच.

इथल्या हवेचं तुम्ही सांगितलंत ते बाहेरच्या कुठल्या माहितीपत्रकात मिळालं नसतं. जून ते सप्टेंबर फोमच्या पेटीत पिस्तूल ठेवायचं नाही, फोम ओल धरतो. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) सुट्टीनंतर पेटी उघडली की गंज दिसतो. तेलाचा हलका हात द्यायचा आणि गोळी झाडण्याआधी कोरड्या चिंधीने पुसून काढायचा. खोबरेल चालत नाही: चिकट होतं, जानेवारीच्या पहाटे थिजतंही. काडतुसं उन्हात उभ्या गाडीत राहिली तर वंगण ओघळतं. जमिनीवर पडलेलं काडतूस परत भरायचं नाही, मेणाला चिकटलेली रेती नळी खरवडते.

आवाज ‘फुस्स’ असा आला तर पुढची फैर नाही, आधी गोळी आत अडकली नाही ना, ते नळी तपासून पाहायचं. हे वाक्य आता भिंतीवर तुमच्याच शब्दांत लावलंय.

तांब्याच्या तारांचा गुंडाळा संपत आलाय. नवा घ्यायला जाताना चुंबक बरोबर नेऊ.

आपले,
म्हापशाचे पिस्तूल नेमबाज