बाबा, एफडी मोडू नका

भोसरी, पुणे
रविवार, १८ ऑगस्ट २०२४

तीर्थस्वरूप आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

हे फोनवर सांगून होत नाही. बाबांना निम्मं ऐकू येत नाही, आणि उरलेलं निम्मं बोलून होण्याआधी आई फोन ओढून घेते आणि जेवलीस का म्हणून विचारते. म्हणून लिहिते आहे. आई, रोज जेवते. आज मटकीची उसळ केली होती.

दादाकडून कळलं की बाबा बँकेत जाऊन एफडी मोडायची चौकशी करून आले. बाबा, कृपा करून मोडू नका. मुदतीआधी मोडली की बँक व्याज कमी दराने धरते, वर दंडही कापते, आणि ते पैसे आईच्या गुडघ्यासाठी ठेवलेत हे आपलं ठरलं आहे. माझी ओढाताण चालली आहे हे खरं. पण पैसे अडकलेत, बुडालेले नाहीत. ते कुठे आणि कसे अडकलेत ते एकदा नीट सांगते, म्हणजे तुम्ही रात्री उठून आकडेमोड करणार नाही.

कंपनीचं नाव लिहीत नाही. तुम्ही ते पोस्टमनलासुद्धा सांगाल. चाकणकडची आहे, गाड्यांचे सुटे भाग बनवते, एवढं पुरे. त्यांच्या नव्या लाइनसाठी मी फिक्स्चरची डिझाइन करून दिली. (आई, मशीनवर पार्ट दर वेळी त्याच जागी घट्ट धरून ठेवतं ते फिक्स्चर. तू शेजारी सांगतेस तसे ‘कॉम्प्युटरवरचे नकाशे’ म्हटलंस तरी चालेल.) २४ जानेवारीला ड्रॉइंग आणि बिल दोन्ही पाठवलं. काम ३,२०,००० रुपयांचं, त्यावर १८ टक्के जीएसटी ५७,६०० रुपये, एकूण ३,७७,६००.

जीएसटी बिलाच्या तारखेवर लागतो, पैसे येवोत न येवोत. त्यामुळे ते ५७,६०० मी फेब्रुवारीत खिशातून भरले. माझी ओढाताण खरी तिथे सुरू झाली. माझी मजुरी त्यांच्याकडे अडकली ते एक, आणि त्यांच्या वतीने सरकारला मी भरलं ते वर.

मग उत्तरं सुरू झाली. बिल अकाउंट्सला गेलंय. साहेबांची सही राहिली आहे. सिस्टीममध्ये सर्व्हिस एंट्री झालेली नाही. आमच्या कस्टमरकडून आले की तुमचे सोडतो. यातलं शेवटचं उत्तर निदान प्रामाणिक आहे. अशा कंपन्या आधी बँकेचा हप्ता भरतात, मग स्टीलवाल्याचे देतात, मग पगार करतात. माझ्यासारखा एकट्याने काम करणारा माणूस यादीत तळाला असतो, कारण आम्ही काम बंद केलं म्हणून त्यांची लाइन थांबत नाही. डिझाइन तर एव्हाना त्यांच्या हातात गेलेलं असतं.

जूनमध्ये मी माझ्या पॅनचं २६एएस उघडलं. आपल्या नावावर कोणी किती टीडीएस, म्हणजे पैसे देणाऱ्याने आधीच कापलेला आयकर, भरला ते त्यात दिसतं. त्या कंपनीच्या नावापुढे ३२,००० रुपये होते. म्हणजे माझ्या बिलाच्या बरोबर दहा टक्के. बाबा, तुम्ही कोर्टात हयात घालवलीत, तुम्हाला याचा अर्थ सांगायला नको. मला फोनवर ‘एंट्री झालेली नाही’ म्हणणाऱ्यांनी मार्च संपायच्या आत बिल हिशेबात घेतलं होतं, खर्च दाखवला होता, त्यावरचा कर कापून सरकारला भरला होता. फक्त उरलेले ३,४५,६०० मला द्यायचे राहिले होते. मी तो कागद छापून घेतला आणि बऱ्याच दिवसांनी शांत झोपले.

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ हे तुम्ही म्हणता तेव्हा ते तुम्ही तीस वर्षं त्या पायरीच्या आतल्या बाजूला बसून पाहिलेलं असतं, म्हणून मी वाद घालत नाही. हुकूमनामा होतो, पेढे वाटले जातात आणि मग त्याच्या वसुलीची दरखास्त वर्षानुवर्षं पडून राहते, हे मी लहानपणापासून ऐकलं आहे. तुम्ही विचारलंत की चेक का घेतला नाहीस. हल्ली चेक कोणी देत नाही, सगळं थेट खात्यात. त्यामुळे तुमच्या कोर्टातले ते न वटलेल्या चेकच्या १३८ कलमाचे गठ्ठे इथे उपयोगाचे नाहीत. आणि साधा दावा लावायचा तर तीन लाखांवरचा व्यापारी वाद म्हणून आधी मध्यस्थी, मग दावा, मग तुमची दरखास्त.

मी जाते आहे तो रस्ता वेगळा आहे. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा २००६ चा कायदा. त्यात सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात. यांच्या ऑर्डरवर ६० दिवस छापलेत, पण छापून कायदा बदलत नाही. करारात मुदतच लिहिलेली नसेल तर १५ दिवस. माझे ४५ दिवस ९ मार्चला संपले. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढीने. बँक रेट सध्या ६.७५ टक्के आहे, म्हणजे २०.२५ टक्के झाले. पहिल्या महिन्याचे ५,८३२ रुपये होतात, आणि आजवरचे पाच महिने धरले तर तीस हजारांच्या वर. तुमच्या एफडीला एवढं कोण देतं?

यासाठी उद्यम नोंदणी, म्हणजे छोटा उद्योग म्हणून सरकारकडे केलेली नोंदणी, लागते. ती मी २०२१ मध्येच करून ठेवली होती, आधार आणि पॅनवर, घरबसल्या, फुकट. (इथे एजंट लोक तिचे दोन-दोन हजार घेतात, ते सोडा.) नोंदणी काम घेण्याच्या आधीची आहे, हे महत्त्वाचं, नंतर केली की समोरचा वकील आधी तिथेच बोट ठेवतो. आणि नुसता माल घेऊन विकणाऱ्या व्यापाऱ्याला नोंदणी मिळाली तरी हे उशिराच्या पैशांचं संरक्षण मिळत नाही. दादाच्या हार्डवेअरच्या दुकानाला म्हणून याचा उपयोग नाही. त्याला सांगा, माझं ऐकून उगाच कोणाला नोटीस पाठवू नकोस.

नोटीस मी जुलैत पाठवली, स्पीड पोस्टने आणि मेलने, अकाउंट्सऐवजी थेट संचालकांच्या नावाने. भाषा अगदी कोरडी ठेवली. बिल, तारीख, ४५ दिवस, व्याज, २६एएसची प्रत. शिवाय दोन गोष्टी लिहिल्या. एक, बिलाला १८० दिवस होऊन गेले आणि पैसे दिलेले नसतील तर त्या बिलातला जीएसटी त्यांनी स्वतःच्या जीएसटीतून वजा करून घेतलेला असतो, ती वजावट त्यांना व्याजासकट परत करावी लागते, आणि ते १८० दिवस २२ जुलैला भरतात. दुसरी गोष्ट आयकराची. कलम ४३बी मध्ये नवीन उपकलम आलं आहे, ते २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून लागू झालं. सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही, ज्या वर्षी प्रत्यक्ष द्याल त्या वर्षी मिळतो. म्हणजे माझे ३,२०,००० त्यांच्या गेल्या वर्षाच्या नफ्यात परत धरले जाणार. कर २५ टक्के धरला तरी ८०,००० रुपये आत्ता भरा.

हे सगळं त्यांच्यापुढे असायला ऑगस्ट-सप्टेंबरइतका चांगला काळ नाही. टॅक्स ऑडिटची मुदत सप्टेंबरअखेर असते, त्यामुळे त्यांचे ऑडिटर सध्या तिथेच बसलेले असणार, आणि छोट्या उद्योगांची थकलेली देणी किती, त्यावरचं व्याज किती, हे त्यांना अहवालात लिहावं लागतं. माझ्या फोनला कंटाळलेला अकाउंटंट ऑडिटरला कंटाळू शकत नाही.

नोटिशीला उत्तर आलं. पैसे आले नाहीत. ‘डिझाइनमध्ये त्रुटी होत्या’ म्हणे! सहा महिन्यांनी. कायद्यात याचीही सोय आहे. केलेलं काम हातात आल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर काम स्वीकारलं असंच धरतात. आणि माझ्याकडे तर फेब्रुवारीतला त्यांच्याच इंजिनिअरचा मेल आहे, ड्रॉइंग उत्पादनासाठी सोडावीत म्हणून. ते पत्र वाचून मला रागच आला होता. देणं उशिरा देणारा माणूस एक वेळ समजू शकते, पण वर कामाला नावं ठेवणारा नाही.

आता अशा थकलेल्या पैशांसाठीच्या सरकारी ‘समाधान’ पोर्टलवर अर्ज करणार आहे. तो पुणे विभागाच्या सुविधा परिषदेकडे जातो. समोरची कंपनी भारतात कुठेही असो, काम करणारा जिथला, तिथली परिषद ऐकते, त्यामुळे उद्या दिल्लीच्या गिऱ्हाइकाने पैसे अडकवले तरी मला दिल्ली गाठायची नाही. परिषद आधी समेट घडवून बघते, नाही झाला तर लवाद. कायद्यात ९० दिवसांत निकाल म्हटलं आहे. त्या ९० दिवसांवर मी विसंबून नाही, तुम्हीही राहू नका. पण निकालाविरुद्ध त्यांना कोर्टात जायचं असेल तर ठरलेल्या रकमेच्या ७५ टक्के आधी भरावे लागतात. तुमच्या कोर्टात अपिलं जशी सहज दाखल होतात, तशी इथे होत नाहीत.

तरीही त्यांनी दिलेच नाहीत, तर शेवटी त्या निवाड्याची दरखास्तच करावी लागेल. तेव्हा तुम्ही हसा, मी ऐकून घेईन. मला वाटतं तिथपर्यंत जाणार नाही, कारण माझ्या साडेतीन लाखांपेक्षा व्याज, ऑडिट आणि वजावटीचा त्रास त्यांना जड जाईल. चुकीचं ठरू शकतं.

काकांचा निरोप मिळाला. त्यांच्या ओळखीचा तो माणूस ‘एका फोनमध्ये काढून देतो’ म्हणे. त्यांना स्पष्ट नाही म्हणून सांगा. त्या एका फोनने आज माझ्या बाजूने असलेले सगळे कागद निरुपयोगी होतील, आणि पोलीस स्टेशनला खुलासा मला द्यावा लागेल. वर त्याची टक्केवारी वेगळी.

आई, तू म्हणालीस की एवढ्या मोठ्या लोकांशी वाकडं घेतलंस तर पुढे काम कोण देईल. हा प्रश्न मी स्वतःला नोटीस पाठवण्याआधी विचारला. त्या कंपनीत माझं नाव बहुतेक काळ्या यादीत गेलं असेल. काही कंपन्या हल्ली मुद्दाम उद्यम नोंदणी नसलेल्यांना काम देतात असंही ऐकते. पण माझी बाकीची गिऱ्हाइकं महिन्या-दीड महिन्यात पैसे देतात, त्यांच्याशी मी गोडच बोलते. या कंपनीची दुसरी ऑर्डर हातात होती, तिची ड्रॉइंग मी अर्ध्यावर थांबवली आहेत. त्यासाठी त्यांच्या डिझाइनच्या साहेबांचे आता स्वतःहून फोन येतात, आणि ‘सिस्टीम’बद्दल कोणी बोलत नाही. यापुढे नवीन गिऱ्हाइकाकडून तीस टक्के आगाऊ घेणार आहे, आणि शेवटची फाइल उरलेले पैसे आल्यावर.

घरभाडं आणि कॉम्प्युटरचा हप्ता वेळेवर जातो आहे. नवीन सॉफ्टवेअरचं लायसन्स पुढे ढकललं, जुन्यावर काम निघतं.

बाबा, मदत करायचीच असेल तर एक काम आहे, आणि ते तुमच्याइतकं चांगलं कोणी करणार नाही. अर्जाला जोडायचे कागद मी घेऊन येते: ऑर्डर, बिल, ड्रॉइंग पाठवल्याचे मेल, इंजिनिअरचा मेल, २६एएस, नोटीस, पोचपावती, त्यांचं उत्तर. त्यांची तारीखवार यादी करून द्या, निशाण्या घाला, पानांना आकडे टाका. मी केलेली यादी बघून तुमच्या कपाळावर आठ्या पडतील हे मला माहीत आहे. व्याजाचा तक्ताही एकदा हाताने तपासा. कॉम्प्युटरने केलाय म्हणून बरोबर असेलच असं धरू नका.

गणपती ७ सप्टेंबरला, शनिवारी. मी शुक्रवारी दुपारीच निघते, स्वारगेटची संध्याकाळची गर्दी नको. मूर्तीचं बुकिंग दादाने केलं का विचारा. आई, उकडीचे मोदक तू बसून कर, उभं राहायचं नाही, पीठ मी मळेन. गुडघ्याच्या डॉक्टरांची तारीख गणपतीनंतरची घ्या, म्हणजे मला सोबत येता येईल.

तुमची,
सुमी

ता. क. बँकेतून एफडीचा फॉर्म आणला असेल तर त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला निशाण्यांची यादी करायला घेतली तरी चालेल.