तलवार मासा: अर्धवट माहिती छापू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवार पुरवणीतला तलवार माशावरचा लेख वाचला आणि राहवलं नाही, म्हणून लिहितो आहे. हा मासा जगभर संपत आलाय, तो खाणं म्हणजे पापच, असं लेखक ठामपणे सांगतात. उत्तर अटलांटिकपुरतं तरी हे साफ चुकीचं आहे.

नव्वदच्या दशकात मी बॉस्टनच्या एका हॉटेलात मासे कापायचं काम करत होतो. सुरुवातीला हा मासा ओट्यावर घ्यायला दोघे लागायचे. पुढे पुढे मी एकटाच उचलू लागलो. आधी एका कापाचे चार तुकडे करून चार गिऱ्हाइकांना वाढायचो. नंतर अख्खा काप, कडेच्या तांबड्या मांसासकट, एका ताटलीत मावायला लागला. मादी साधारण 150 पौंडांची होईपर्यंत अंडी घालत नाही आणि माल येत होता सरासरी 90 पौंडांचा. म्हणजे आम्ही पिल्लंच विकत होतो.

1998 साली हा मासा वाचवण्याच्या मोहिमेत अमेरिकेतल्या अनेक नामवंत शेफनी तो मेन्यूवरून काढला. आमच्या मालकाने काढला नाही. विचारलं तर म्हणाला, "गिऱ्हाईक मागतंय ना?" त्याचा राग मला आजही आहे. पण मोहिमेचा दबाव कामी आला. 1999 मध्ये 'इक्कॅट' या अटलांटिकच्या ट्यूना आयोगाने कोटा घटवून दहा वर्षांची योजना आखली, फ्लोरिडाजवळ पिल्लं वाढतात त्या भागात अमेरिकेने लाँगलाइनला, म्हणजे असंख्य गळ लावलेल्या मैलोगणती लांब दोरीला, बंदी घातली, आणि 2009 मध्ये उत्तर अटलांटिकमधला या माशाचा साठा सावरल्याचं जाहीर झालं. एवढी मोठी गोष्ट, तिला तुमच्या लेखात एक ओळ मिळू नये?

भूमध्य समुद्रात मात्र दुखणं खरं आहे. तिथे पिल्लं फार धरली गेली, म्हणून वर्षातले काही महिने मासेमारी बंद आणि 2017 पासून कोटाही. तिथला मासा नको म्हणा, मी सही करतो. पण सगळे समुद्र एकाच मापाने मोजलेत, तर नियम पाळणाऱ्या मच्छीमाराने ते पाळायचे कशासाठी?

आणि तो फोटो! छापलाय तो सेलफिश, पाठीवर भलामोठा पसरट पर असलेला. मोठ्या तलवार माशाचा पर कोयत्यासारखा ताठ असतो. पोटाखाली पर नसतात, खवले नसतात, दातही नसतात.

'खाऊ नका' म्हणायचंच होतं, तर ते गरोदर बायकांना आणि लहान मुलांना सांगायला हवं होतं. या माशात पारा जास्त असतो, म्हणून अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन त्यांना तो टाळायलाच सांगतं. फोटोच्या दुरुस्तीबरोबर एवढं तरी पुढच्या रविवारी छापा, ही विनंती.

आपला,
एक जुना वाचक, बॉस्टन (मूळ गाव वेंगुर्ले)