टोपणनाव व्हायरल, मागणी गायब

संपादक साहेब,

मागच्या हिवाळी अधिवेशनात मॉरिस कॉलेज टी पॉइंटजवळ अडकलो होतो, समोर बॅरिकेड अन् मोर्चा, म्हणून गाडी बंद करून घोषणा ऐकत बसलो. एका नेत्याच्या पोटावरून नाव, दुसऱ्याच्या बोबड्या बोलण्यावरून नाव, पोट्टे खिदळत होते, खोटं काहून बोलू, मलाही हसू आलं. बाजूला रस्त्यावरच बसलेल्या एका ताईंना विचारलं तुमचं काय, तर त्या अंगणवाडी सेविका, मानधन वाढवून मागायला रात्रभर एसटीत अवघडून आलेल्या. संध्याकाळी व्हॉट्सॲपवर त्या मोर्चाचे चार व्हिडिओ आले, चारही त्या पोटावरच्या घोषणेचे. मानधन एकातही नाही.

आता नेत्यांची टर उडवू नका असं मी म्हणत नाही. नागपूरकर कोणत्या तोंडानं म्हणणार? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपण मारबत, म्हणजे वाईटाचा बाईच्या रूपातला पुतळा, मिरवत काढतो, बडग्यांवर, म्हणजे पुरुषाच्या पुतळ्यांवर, नेत्यांच्या नावाच्या पाट्या लावतो अन् 'घेऊन जा गे मारबत' म्हणून घसा फोडतो. काळी मारबत तर १८८१ पासूनची, नागपूरच्या भोसले घराण्यातल्या राणी बाकाबाई इंग्रजांना मिळाल्या त्याचा राग म्हणून काढतात असं सांगतात. म्हणजे राग तिनं जे केलं त्याचा, नाकाडोळ्याचा नाही. २०२२ चं 'पन्नास खोके एकदम ओके' घ्या, खरं का खोटं ते जाऊ द्या, पण तो आरोप आहे, ज्याच्यावर केला त्याला उत्तर तरी देता येतं. पोटाला काय उत्तर देणार बाप्पा? (माझंही सुटलंय, म्हणून जरा जास्त लागलं असेल.)

इंदिरा गांधींना सुरुवातीला 'गूंगी गुडिया' म्हणायचे, समाजवादी नेते राममनोहर लोहियांच्या नावावर सांगतात ते. बाई म्हणून बाहुली. अन् १९७१ मध्ये त्याच बाहुलीनं निवडणूकही जिंकली अन् युद्धही, म्हणणाऱ्यांचा अंदाजच चुकला होता.

नेत्यांचं तर यात फावतंच. अपमान झाला म्हणून कार्यकर्ते रस्त्यावर, माफी मागा म्हणून दुसरा मोर्चा, दोन दिवस टीव्हीवर तेच, तोवर अधिवेशन संपतं अन् ताई परत एसटीत.

तुमच्या पेपरला एवढंच सांगणं आहे, या डिसेंबरात मोर्चाच्या बातमीत आधी मागणी अन् किती रुपये मागतात तो आकडा टाका, कोण कोणाला काय म्हणालं ते खाली छापा. ते आम्ही शोधून वाचतोच.

एक वाचक, महाल, नागपूर