मिथेनजनक सूक्ष्मजीवांच्या संवर्धनाला निधी हवा

मा. संपादक,

बायोगॅस प्रकल्पांविषयीच्या चर्चेत शेण, प्रेसमड (साखर कारखान्यातील गाळ), टाकीची क्षमता आणि अनुदान यांचा हिशेब मांडला जातो. पण ज्या सूक्ष्मजीवांमुळे मिथेन तयार होतो, त्यांना प्रयोगशाळेत वेगळे करून वाढवण्याच्या कामाचा उल्लेख क्वचितच होतो. या कामाकडे होणारे दुर्लक्ष मला घातक वाटते.

हे जीव ऑक्सिजनच्या सान्निध्यात वाढत नाहीत. गुरांच्या कोठीपोटातील सूक्ष्मजीवांचा अभ्यास करणाऱ्या रॉबर्ट हंगेट यांनी ऑक्सिजनविरहित वायू भरलेली, रबरी बुचाने बंद केलेली नळी फिरवून तिच्या आतल्या भिंतीवर अगारचा (जीव वाढवण्यासाठीच्या जेलीसारख्या माध्यमाचा) पातळ थर देण्याची पद्धत रूढ केली. माध्यमात रेझाझुरिन हे रंगद्रव्य घालतात. गुलाबी छटा दिसली, की ऑक्सिजन आत शिरला आहे हे कळते.

एवढी काळजी घेऊनही फसगत होते. ‘मिथेनोबॅसिलस ओमेलियान्स्की’ हा इथेनॉलपासून मिथेन बनवणारा एकच जीव आहे, असे अनेक वर्षे मानले जात होते. १९६७ मध्ये सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ ब्रायंट, वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की ते दोन जीव आहेत: पहिला इथेनॉलपासून अ‍ॅसिटेट आणि हायड्रोजन बनवतो, तर दुसरा तो हायड्रोजन कार्बन डायऑक्साइडशी संयोग करून मिथेनमध्ये बदलतो. हायड्रोजन साचत गेला, तर पहिल्याची वाढ खुंटते. म्हणजे दुसऱ्यावाचून त्याचे चालत नाही. बायोगॅसच्या टाकीतही अशीच परस्परावलंबी साखळी असते, आणि मिथेनजनक मागे पडले, की आम्ले साचून गॅस घटतो.

पुढे अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात वुल्फ यांच्या प्रयोगशाळेत वाढवलेल्या मिथेनजनकांच्या आरएनएची तुलना करूनच कार्ल वूस आणि जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ मध्ये जीवसृष्टीची तिसरी शाखा, म्हणजे आर्किया, वेगळी ओळखली. त्या वेळच्या तंत्रात संवर्धनाशिवाय हे शक्यच नव्हते.

आज मातीतून किंवा शेणातून थेट डीएनए वाचता येतो आणि ते मोलाचे आहे. परंतु जनुकांवरून जीवाच्या क्षमतेचा अंदाज बांधता येतो. तो कशावर, कोणाच्या सोबतीने आणि किती वेगाने वाढतो, हे मात्र वाढवूनच पडताळावे लागते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत भातखाचरांतील मिथेन खाणारे जीवाणू वेगळे केले गेले आहेत, म्हणजे असे चिकाटीचे काम आपल्याकडेही होते. मिथेनजनकांची वाढ संथ असते. त्यामुळे अशा प्रकल्पांना दीर्घ मुदतीचा निधी मिळावा, आणि कृषी विद्यापीठांच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागांत ऑक्सिजनविरहित संवर्धनाचे प्रात्यक्षिक सक्तीचे व्हावे, ही विनंती.

– एक वाचक, पुणे