भीतीबद्दल, लेकीस

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

"कुणी उद्या अणुबॉम्बचं बटण दाबलंच, तर या अभ्यासाचा काय उपयोग?" असं परवा तू विचारलंस. फोनवर हे नीट बोलता येत नाही, म्हणून लिहिते.

"काही होत नाही गं" म्हणून मी तुझी समजूत काढणार नाही. आजही जगात बारा हजारांच्या आसपास अण्वस्त्रं आहेत. पण १९८०च्या दशकात हाच आकडा साठ हजारांच्या वर होता. तो कमी झाला करारांनी, तपासण्यांनी, वर्षानुवर्षं चिकाटीने वाटाघाटी करणाऱ्यांमुळे. दक्षिण आफ्रिकेने तर तयार बॉम्ब आपणहून मोडीत काढले.

आता अशा भीतीत श्रद्धा काय कामाची, तेही सांगते. नागासाकीत उराकामी नावाचं मोठं चर्च होतं. ९ ऑगस्ट १९४५ला सकाळी ११ वाजून २ मिनिटांनी बॉम्ब फुटला, तेव्हा आत लोक पापनिवेदनासाठी आले होते. त्यातलं कुणीही वाचलं नाही. देव बॉम्ब वरच्या वर झेलतो असं कुणी म्हणालं, की मला ही माणसं आठवतात. श्रद्धा म्हणजे काही विमा नव्हे.

पण त्याच ढिगाऱ्याखाली चर्चची एक घंटा शाबूत सापडली. जगल्या-वाचलेल्यांनी ती उकरून काढली, वर टांगली आणि त्याच वर्षी नाताळच्या आदल्या संध्याकाळी वाजवली. घरोघरी माणसं गेलेली, डोक्यावर धड छप्पर नाही, आणि हे घंटा टांगताहेत! मला विचारशील तर श्रद्धा ती इथे दिसते.

हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांची निहोन हिदानक्यो ही संघटना १९५६पासून तेच करते आहे: आपल्यावर जे ओढवलं ते जगाला सांगत राहायचं. २०२४ला त्यांना शांततेचं नोबेल मिळालं. अण्वस्त्रबंदीचा करार २०२१पासून लागू आहे. अण्वस्त्रधारी देशांपैकी एकानेही त्यावर सही केलेली नाही, म्हणून शहाणे लोक हसतात. हसोत बापडे.

मी संध्याकाळी हात जोडते, तेव्हा हल्ली एक मागणं जास्तीचं असतं: ज्यांच्या हाती ही अस्त्रं आहेत, त्यांची बुद्धी ताळ्यावर राहू दे. तुला देवाचं पटत नसेल तर माझी सक्ती नाही. फक्त रात्री-अपरात्री युद्धाच्या बातम्या बघत एकटी जागू नकोस. भीती वाटली तर सरळ फोन कर, किती वाजलेत ते बघत बसू नकोस.

तुझी,
आई